पाच लिटरची अट

४ सप्टेंबर २०११

घर सोडलं. लपूनछपून नाही. सकाळी दहा वाजता, अंगणात पाहुणे चहा पीत असताना. दोन वळकट्या, कपड्यांचं गाठोडं, माझी उपकरणांची लाकडी पेटी आणि नात बेगिमाय. बाकी सगळं तिथंच ठेवलं.

आमच्यात सुनांनी सासरच्या थोरांची नावं घ्यायची नसतात. नवऱ्याचं नाव छत्तीस वर्षांत माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. ‘उलानचे वडील’ म्हणायचं. आता लिहिते. तोक्तोसून. तोक्तोसून. काही झालं नाही.

या तोक्तोसूनने जुलैमध्ये मुल्लाला बोलावून एकोणचाळीस वर्षांच्या नाझगुलशी निकाह लावला. स्वतः सदुसष्टचा. मला म्हणाला, “तू थोरली. तुझा मान कमी होणार नाही. तू वरच्या जागी बसायचं, ती चहा ओतेल.” मी आज सगळ्यांसमोर म्हटलं, “मी फ्रुंझेला पाच वर्षं दुग्धशास्त्र शिकले ते चहा ओतून घ्यायला नाही.” तो म्हणाला, “फ्रुंझे नावाचं शहरसुद्धा आता राहिलं नाही, बायको.” पाहुणे हसले; फ्रुंझेचं बिश्केक होऊन वीस वर्षं झाली. विनोद बरा होता, हे कबूल करते.

सून चोल्पोन फाटकापर्यंत आली. हातात बेगिमायचे हिवाळी बूट. “अगं, सप्टेंबर आहे,” म्हटलं. ती कधीच बोलत नाही. पाण्याच्या पाटापर्यंत आमच्या मागोमाग चालत आली. शेवटी मीच सांगितलं, पाहुण्यांचा चहा खोळंबला असेल, जा. तेव्हा बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून ते बेगिमायच्या गळ्यात अडकवले आणि गेली. गाठ इतकी घट्ट की सुरीने कापावी लागली. नाड्या फुकट गेल्या.

७ सप्टेंबर

गावाबाहेरचं जुनं दूध संकलन केंद्र. सरकारी शेती होती तेव्हा मी इथंच बसत असे. दोन खोल्या, एक भट्टी, फरशी अजून शाबूत. किल्ली शेजारच्या सोनुनकडे, भाडंही तिलाच. सोनुन सत्तरीची विधवा. ती तेव्हा गोठ्यावर दूध काढायची आणि मी ते तपासायची. एकदा तिच्या दुधात मी पाणी पकडलं होतं. ते ती विसरलेली नाही.

“वीस वर्षं इथं मेंढ्या होत्या,” ती म्हणाली. “आता तू. मेंढ्या निदान लेक्चर देत नव्हत्या.”

तीन दिवस लेंडी खरवडतो आहोत. बेगिमाय आठ वर्षांची आहे, पण कोपरे माझ्यापेक्षा चांगले काढते. चीज करायचं ठरवलं आहे. या खोऱ्यात दूध आहे आणि ते पारखणारं माझ्याशिवाय कुणी नाही.

१८ सप्टेंबर

पहिला दिवस. दारावर खडूने लिहिलं:

पाच लिटरच्या आत दूध घेतलं जाणार नाही.
डिग्री २७ च्या खाली गेली तर दूध परत.
ओळख चालणार नाही.

पाच लिटरच्या अटीवर कुरकुर झाली. पण प्रत्येकीचं दूध वेगळं तपासायचं तर फॅट काढायला ॲसिड लागतं, आणि ते बिश्केकहून आणावं लागतं. दोन-दोन लिटरसाठी ते कसं जाळू?

“तुझी अट वाचायला चष्मा नाही माझ्याकडे,” सोनुन म्हणाली.

“म्हणून वाचून दाखवली.”

“मला ऐकूपण येत नाही.”

रांगेतल्या बाया खिदळल्या. मी हसले नाही. पहिल्या दिवशी हसलं की वर्षभर कुणी ऐकत नाही.

सगळ्यांत आधी चोल्पोन आली होती. आठ लिटर. फॅट चार, डिग्री २९. गाय माझ्या हातची ठिपकी, दुसरं काय निघणार? बेगिमाय स्टुलावर उभी राहून लॅक्टोमीटरची पट्टी वाचते (पाणी असलं की डिग्री उतरते), मी फॅट पाहते. मुलीची नजर पक्की आहे. चोल्पोन दूध देऊनही भिंतीशी उभी राहिली, शेवटची बाई जाईपर्यंत. म्हटलं, “दूध दिलं की निघायचं असतं.” “हो, आपा,” म्हणाली. नंतर पाहिलं तर खिडकीबाहेर उभी. तोक्तोसूनने हेरायला पाठवली असणार.

३ ऑक्टोबर

दुधात केस सापडला. बेगिमायचा. वेणी कंबरेपर्यंत होती, रोज विंचरायला वीस मिनिटं. चोल्पोन सकाळी रांगेत उभी असतानाच तिची वेणी घालायची, तेही मला पसंत नव्हतं. दुधाच्या जागी केस मोकळे सोडायचे नसतात हे सुनेला मी दहा वेळा शिकवलं आहे. काल संध्याकाळी कात्री घेतली आणि कानापर्यंत कापले. मुलगी रडली नाही. माझ्या हातची आहे.

आज चोल्पोनने पाहिलं आणि किटलीचं झाकण हातातून सुटलं.

“केस कुठं आहेत?” तिने विचारलं. वर्षभरात तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल.

“भट्टीत.”

तिने झाकण उचललं, धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. एवढ्या स्वच्छतेची तिला सवय नव्हती. चांगलं लक्षण.

२१ ऑक्टोबर

पहिलं चीज कापलं. भोकं बारीक, एकसारखी, वास स्वच्छ. नारिन शहरातल्या दोन दुकानांनी सगळं घेतलं आणि आणखी मागितलं. एकसष्टाव्या वर्षी मी कुणाला न विचारता भट्टीसाठी कोळसा घेतला, बेगिमायला कोट घेतला आणि स्वतःला एक चांगला चाकू. फाटकात शिरताना कुणी “कुठं होतीस?” म्हणालं नाही.

दुपारी तोक्तोसून घोड्यावरून आला. उतरला नाही. चीजचा तुकडा घोड्यावरच खाल्ला.

“मीठ कमी आहे.”

“दुकानदार तसं म्हणाला नाही.”

“दुकानदाराला तुझ्याबरोबर राहायचं नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “लोक मला विचारतात, तुझी थोरली मेंढ्यांच्या खोलीत का राहते? मी काय सांगू?”

“सांगा, मेंढ्या परत आल्या नाहीत.”

तो संतापला. “तुला राहायचं तर राहा. पोरगी आमच्या घराची आहे. बर्फ वितळायच्या आत एक तर दोघी या, नाही तर पोरगी पाठव.”

पोरगी म्हणे आमच्या घराची! पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही रीत त्याला मला शिकवायला नको. बेगिमाय चाळीस दिवसांची झाली, चाळीस चमचे पाण्याची आंघोळ झाली, आणि मी तिला माझ्या खोलीत आणली. अंगावर पाजायला सून यायची, पाजून जायची. वर्षाची झाल्यावर तेही मी तोडलं. मुलगी मला आपा, म्हणजे आई, म्हणते आणि चोल्पोनला वहिनी. गावात निम्म्या घरांत असंच आहे. चोल्पोनला नंतर मूल झालं नाही, कारण उलान रशियात, वर्षातून वीस दिवस येतो. त्याला मी काय करू? मुलीला मी वाढवलं. ती माझी आहे.

१४ नोव्हेंबर

उलानचा फोन. रशियात गोदामात कामाला आहे माझा हा धाकटा. मागे ट्रकचा आवाज.

“आपा, घरी जा ना. बाबा रोज फोन करतात.”

“तुझ्या वडलांना सांग, माझं काम आहे.”

“चोल्पोन फोनवर रडते.”

“का? कुणी मारतं तिला?”

“नाही.”

“नाझगुल छळते?”

“नाही म्हणते. काहीच सांगत नाही. नुसती रडते.”

“मग फोन ठेवायचा,” मी म्हटलं. “तुझे पैसे जातात.”

रडायचं कारण नसताना रडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. काम कमी पडतं त्यांना.

११ डिसेंबर

उणे सव्वीस. किटल्यांच्या कडेला बर्फाचा थर धरतो. बहुतेक गायी गाभण, दूध उतरलं आहे. सप्टेंबरात रांगेत बावीस होत्या, आज नऊ. दोन-तीन लिटरवाल्या रोज येऊन दाराशी गयावया करतात. आज सोनुनसुद्धा तीन लिटर घेऊन आली.

“भाडं माफ करते,” म्हणाली.

“अट सगळ्यांना सारखी.”

“तुझ्या सुनेलासुद्धा?”

“तिलासुद्धा. ती पाच आणते.”

सोनुन किटली खाली ठेवून बसलीच. “बुरुल, तू पहिल्यापासूनच अशी आहेस का गं? तुझ्या सासूने तुझा कुबात घेतला तेव्हा तर तू अशी नव्हतीस.”

मी म्हटलं, कुबात माझा थोरला मुलगा, सासूने घ्यायचाच होता. मी रडत बसले नाही. तो अजून मला वहिनीच म्हणतो. ओशमध्ये मोठा इंजिनियर आहे. घर सोडलं तेव्हा त्याला कळवलं होतं, उत्तर आलं नाही. कामात असतो.

“रडली नाहीस?” सोनुन म्हणाली. “मग गोठ्यामागे शेणींच्या ढिगाआड डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून कोण बसायचं? मी रोज दोन बादल्या जास्त उचलायचे, तू दिसू नयेस म्हणून.”

तिला कुणी तरी दुसरी आठवत असेल. वय झालं.

२० डिसेंबर

ठिपकी मार्चमध्ये विणार. हिशोबाने एव्हाना आटत यायला हवी होती. चोल्पोन तरी बरोबर पाच लिटर आणते, ना कमी ना जास्त. म्हणजे चारा नीट घालते आहे. मी शिकवलेलं वाया गेलं नाही. डिग्री मात्र २७ वर आली आहे, थंडीमुळे असेल.

हल्ली ती सहालाच येते, अंधारात, सगळ्यांच्या आधी. बेगिमायसाठी गरम बोर्सोक, म्हणजे तळलेले पिठाचे तुकडे, आणते, फडक्यात गुंडाळून, कोटाच्या आत धरून. मुलगी त्यातला एक माझ्या आधी तिलाच भरवते. शिस्त बिघडते आहे.

२८ डिसेंबर

चोल्पोनच्या दुधाची डिग्री २३.

बेगिमायने दोनदा वाचली. पहिल्यांदा म्हणाली, “सत्तावीस.” मी पट्टी हातात घेतली तेव्हा तिने मान खाली घातली. मुलगी खोटं बोलली, माझ्यासमोर, वहिनीसाठी! तिला कोपऱ्यात उभं केलं.

रांगेत आठ बाया होत्या. सोडून दिलं असतं तर उद्या आठही किटल्यांत पाणी आलं असतं. मी मोठ्याने सांगितलं, “यात पाणी आहे. पाचवा हिस्सा.”

चोल्पोन झाकण लावू लागली.

“कुणी घातलं? नाझगुलने?”

“मी.”

“का?”

तिने कोपऱ्यातल्या बेगिमायकडे एकदा पाहिलं, बस.

“दारावर काय लिहिलं आहे? ओळख चालणार नाही. किटली उचल. परत यायचं नाही.”

कुणी तरी म्हणालं, “एजे, स्वतःची सून...” मी म्हटलं, स्वतःची म्हणूनच. चोल्पोनने किटली उचलली. बर्फावर घसरली, सावरली. दूध सांडलं, पाण्यासारखंच पसरलं.

झोंबतं ते हे, की मी शिकवलेल्या मुलीने हे केलं.

६ जानेवारी २०१२

चोल्पोन येत नाही. सकाळी एक चाचणी कमी. काम लवकर आटोपतं.

बेगिमाय सहाला उठून काचेवरचं बर्फ नखाने खरवडते आणि भोकातून बाहेर पाहते. शाळा आठला असते. सांगितलं, झोप. म्हणते, झोप येत नाही.

१५ जानेवारी

म्हातारे सत्तार अक्साकाल निरोप घेऊन आले. येत्या शनिवारी तोक्तोसूनच्या घरी बैठक. गावातले अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढ्या, जमून ठरवणार, मुलगी कुणाकडे. “बाळ बुरुल,” ते म्हणाले, (मी एकसष्टची, त्यांना बाळ) “कागदावर आई चोल्पोन आहे. ती म्हणेल तेच आम्ही उचलून धरू. दुसरं काही आमच्या हातात नाही.”

म्हणजे माझं सगळं आता त्या मुक्या मुलीच्या हातात, जिला मी अठरा दिवसांपूर्वी आठ बायांसमोर हाकलली. माफी मागायला जावं का, असा विचार आला. नाही गेले. पाणी तिने घातलं होतं.

मुलगी गेली तर मीही मागोमाग घरी परत जाईन, हे तोक्तोसूनला ठाऊक आहे.

२१ जानेवारी

बैठक झाली. मी जिंकले. क्रमाने लिहिते.

मेंढी कापली होती. मानाचं हाड माझ्यासमोर यायला हवं होतं, ते तोक्तोसूनच्या बहिणीसमोर ठेवलं.  नाझगुल दाराशी बसली होती, पोट दिसू लागलं आहे. चोल्पोन चहा ओतत होती. अर्धा-अर्धा प्याला, रीतीप्रमाणे, हात छातीशी धरून.

तोक्तोसून बराच वेळ बोलला. घराणं, रक्त, मेंढ्यांची खोली, लोक काय म्हणतात. सत्तारांनी हात वर केला. “आईला विचारू. बोल, पोरी.”

चोल्पोनने किटली खाली ठेवली. सगळ्या दाढ्या तिच्याकडे वळल्या. थोरांसमोर तिचा आवाज या घरात कुणी ऐकलेला नव्हता.

“मुलगी आपांकडेच राहू दे,” ती म्हणाली. स्वच्छ ऐकू येईल असं.

तोक्तोसूनचा प्याला कलंडला. “तुला कळतं का काय बोलतेस?”

“कळतं.”

संपलं. मला वाटलं, एवढी वर्षं शिकवलं त्याचं चीज झालं. शेवटी रीत तिलाही कळते.

निघताना गोठ्यात डोकावले, ठिपकीला पाहायला. सड सुकलेले, कास रिकामी. नाझगुल मागून गवत घेऊन आली.

“ही कधी आटली?” मी विचारलं. तिच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

“डिसेंबरातच उतरायला लागली. साडेचार लिटर, मग चार.” तिने गवत टाकलं. “चोल्पोन विहिरीवरून पाणी घालून पाच करायची. मी म्हटलं, तुझी सासू पकडेल. म्हणाली, पकडेपर्यंत तरी जाता येईल.”

“कुठं जाता येईल?”

नाझगुलने माझ्याकडे पाहिलं, वेड्याकडे पाहावं तसं. “पोरीकडे.”

२२ जानेवारी

इतकी वर्षं दुधातलं पाणी शोधलं. किती आहे ते थेंबाने सांगता यायचं. का आहे, हे कधी विचारलं नाही. तो माझा विषय नव्हता.

दारावरच्या पाचाचे तीन केले. सोनुनने पाहिलं आणि काही बोलली नाही. तिच्या बाबतीत हे फारच झालं.

३० जानेवारी

चोल्पोन आली. दुपारी, बेगिमाय शाळेत असताना.

“किटली कुठं?” मी विचारलं. तोंडून तेच निघालं.

“नाही आणली.” न सांगता बाकावर बसली. माझ्यासमोर ती कधी न सांगता बसलेली नाही. “मी बिश्केकला चालले आहे, आपा. शिवणाच्या कारखान्यात. मावसबहीण आहे तिथं.”

“उलानला सांगितलंस?”

“ओरडला.   फोन बंद पडेपर्यंत ऐकून घेतलं.” मग म्हणाली, “बेगिमायला द्या.”

“त्या दिवशी सगळ्यांसमोर तूच म्हणालीस...”

“त्या दिवशी मागितली असती तर ती त्या घरात राहिली असती, आणि तिच्यासाठी मीही. म्हणून तुमच्याकडे ठेवली.”

ठेवली! जशी मी फडताळ आहे.

“आठ वर्षं वाढवली मी तिला.”

“आठ वर्षं पाच महिने.”

“वाचायला शिकवलं, आजारपणं काढली...”

“मला काढू दिली नाहीत. गोवर निघाला तेव्हा दाराला कडी होती. मी उंबऱ्यावर झोपले होते. सकाळी तुम्ही मला ओलांडून गेलात.”

ते मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे झालं नसेल असं मी आता लिहीत नाही.

मग मी जे बोलले ते या वहीतही कधी लिहिलं नव्हतं. “मी त्या मुलीच्या जोरावर घर सोडलं, चोल्पोन. एकटी असते तर दुसऱ्या दिवशी परत गेले असते.”

“मग मी कुणाच्या जोरावर सोडू?”

भट्टीवरचं दूध उतू गेलं. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

“विचार करून सांगते,” मी म्हटलं.

“सांगा. शनिवारच्या मिनीबसमध्ये जागा धरल्या आहेत. दोन.”

“मला न विचारता?”

“हो,” म्हणाली. ‘आपा’ नाही म्हणाली.

१ फेब्रुवारी

नाही म्हणायचं ठरवलं होतं. काल सकाळी तीन वाक्यं तयार होती, तिन्ही बरोबर होती. मी वाढवलं, रीत आहे, बैठकीने ठरवलं. तिन्ही वाक्यं माझ्या सासूने माझ्यासमोर, याच क्रमाने, बोललेली आहेत.

आज बेगिमायला सांगितलं. लवकर आटपावं म्हणून उभ्या उभ्या.

“शनिवारी वहिनीबरोबर बिश्केकला जायचं.”

“किती दिवस?”

“राहायला.”

तिने दप्तर खाली ठेवलं. “मी त्या दिवशी सत्तावीस म्हणाले म्हणून?”

“नाही. ती तुझी आई आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “शाळेत सगळ्यांना माहीत आहे. पण मी तुझी ना?”

म्हटलं, “दूध निवतं आहे, झाकण दे.” तिने झाकण दिलं.

४ फेब्रुवारी

सकाळी आठची मिनीबस, नऊला सुटली. बर्फ पडत होतं. चोल्पोनने एक बॅग आणली होती. मी एक गाठोडं, दोन चीज आणि मुलगी.

चोल्पोनने वाकून सलाम केला, नवी नवरी करते तसा. आता त्याची गरज नव्हती. मी मान हलवली.

बेगिमाय रस्त्यापर्यंत शहाण्यासारखी चालली. दार उघडल्यावर तिने माझ्या कोटाचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. ओरडली नाही, बोलली नाही, फक्त धरला. चालक म्हणाला, “आजी, उरका, घाटात वाट बंद होईल.” चोल्पोनने तिला उचलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिली. “राहू दे, आपा,” ती म्हणू लागली, “नको, राहू दे, मी नंतर...” एवढं सगळं करून ही बाई ऐन वेळी ढिली पडत होती.

तिला जमणार नव्हतं. बोटं मी सोडवली. एक एक. शेवटचं सोडवताना मुलीने माझ्या हाताला चावा घेतला, अंगठ्याच्या खाली. सगळ्या ताकदीने. मी हात काढून घेतला नाही. तिनेच सोडला, दमल्यावर. मग आत ढकलली आणि दार लावलं.

मुलगी मी दिली. चोल्पोनने नेली असं गावात कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी हे लिहून ठेवते.

६ फेब्रुवारी

रांगेत बायांनी विचारलं, हाताला काय झालं? कुत्रा, म्हणून सांगितलं. एकीने विचारलं, कुणाचा? पुढची किटली घेतली.

पट्टी मीच वाचते. नजर पूर्वीसारखी राहिली नाही, खिडकीपाशी न्यावी लागते.

७ फेब्रुवारी

तोक्तोसूनने बहिणीला पाठवलं. “आता कुणासाठी बसली आहेस इथं? चल घरी. नाझगुल बाळंत होईल, घरात थोरलं माणूस हवं.”

“सांग त्याला, मला सकाळी सहाला दूध घ्यायचं असतं.”

“आणि नंतर?”

“नंतर चीज.”

“आणि मग?”

तिला दार दाखवलं. परत जाणार नाही. या एका बाबतीत माझ्या मनात शंका नाही. जायला आता जागाही राहिली नाही. त्या घरात पोरीची गादी अजून माझ्या गादीशेजारी अंथरलेली असेल.

बिश्केकहून फोन नाही. चोल्पोनकडे माझा नंबर आहे.

८ फेब्रुवारी

खुणा पिवळ्या पडत चालल्या आहेत. खालचे दात अजून मोजता येतात. वर पुढच्या दाताची जागा कोरीच आहे, तिचा तो दात पडला होता आणि नवा नुकता डोकं काढत होता. सोनुनने सकाळी हात धरून पाहिला, बराच वेळ. म्हणाली, “बकरीची चरबी लाव, दोन दिवसांत काही दिसायचं नाही.” डबी टेबलावर ठेवून गेली.

लावलेली नाही.